थंडीत गाडीचा काटा वर चढतच नाही, तुमचे अनुभव लिहा

भुसावळकर
राम राम मंडळी. उन्हाळ्यात गाडी तापते असा धागा कोणी काढला असता तर मी उघडलाही नसता, भुसावळात राहून त्यात काय नवीन. माझी तक्रार उलटी आहे. आठ वर्षं जुनी पेट्रोल गाडी, सकाळी साडेसहाला जळगावला निघतो, आणि पंधरा दिवसांपासून टेंपरेचरचा काटा खालच्या रेघेच्या जरासा वर जातो नि तिथंच बसतो, पार जळगाव येईपर्यंत. गेल्या हिवाळ्यात साकेगाव मागे पडलं की थोड्या वेळात अर्ध्यावर यायचा. हीटर लावला तर नुसती कोमट फुंकर. ॲव्हरेज १७ चं १४ झालंय. आई मागच्या सीटवरून म्हणे, "गाडीले बी थंडी वाजस का रे भो?" मिस्तरीला विचारलं तर म्हणतो थंडी आहे, चालायचंच. खरंच चालायचं का? ज्यांना असं झालंय त्यांनी लिहा, कोणत्या गॅरेजात ते नको, काय झालं आणि शेवटी काय निघालं तेवढं सांगा.

लळिंगवाला (धुळे)
नाही चालायचं. आमच्याकडे पारा ६-७ वर येतो त्या सकाळीसुद्धा इंजिन गरम व्हायला वेळ जास्त लागतो इतकंच, एकदा झालं की काटा रोजच्या जागी यायलाच पाहिजे. ते काम थर्मोस्टॅटचं, आपले मिस्तरी नुसतं वॉल्व म्हणतात. आत मेणाची गोळी असते, कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला फिरणारं पाणी, साधारण ८२ किंवा ८८ डिग्रीला पोचलं की मेण फुगतं, वॉल्व उघडतो आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. तोपर्यंत ते इंजिनातच फिरतं म्हणून इंजिन लवकर तापतं. वॉल्व उघडा अडकला की पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून फिरतं, आणि हायवेला समोरून गार वारा, मग काटा कसला चढतो. इंजिन थंड आहे असं वाटलं की कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, तुझं ॲव्हरेज तिथं गेलं. उद्या सकाळी गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावून बघ (पंख्यापासून लांब!). पाइप बराच वेळ गार राहून एकदम गरम झाला तर वॉल्व ठीक, सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर उघडा अडकलाय.

जामनेरी
आमच्या गाडीला काटाच नाही भो, निळा दिवा आहे फक्त. तो विझला म्हणजे झालं ना?

लळिंगवाला (धुळे)
विझला म्हणजे अगदी गार राहिली नाही एवढंच. पूर्ण तापायला त्यानंतरही वेळ असतो. शे-पाचशेचं ब्लूटूथवालं ओबीडी यंत्र (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचणारं) लावलं की मोबाइलवर पाण्याच्या टेंपरेचरचा आकडाच दिसतो, आणि पी०१२८ हा कोड आला असेल तर तो हाच आजार.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
माझी सीएनजी. ती पेट्रोलवर सुरू होते आणि पाणी जरा तापलं की आपोआप गॅसवर जाते. मागच्या डिसेंबरात गॅसवर जायलाच तयार नाही, गेली तरी झटके, आणि दर चौथ्या दिवशी पेट्रोल टाकतोय. मी गॅस किटवाल्याशी भांडत बसलो. टाकीत गॅस २०० बारला असतो, प्रेशर कमी करणाऱ्या रिड्यूसरमधून खाली येताना इतका गार होतो की त्याला ऊब द्यायला इंजिनाचं गरम पाणीच फिरवलेलं असतं. पाणीच कोमट तर तो बिचारा काय करेल. शेवटी वॉल्वच निघाला.

मास्तरीणबाई (रावेर)
माझी शाळा घरापासून चार किलोमीटर. गाडी तापायच्या आत मी पोचलेली असते. जानेवारीत ऑइलचं झाकण उघडलं तर खाली पांढरं, लोण्यासारखं काहीतरी. घाबरले, कोणीतरी म्हणालं इंजिनात पाणी शिरलं, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवा. माझ्या भावाने आधी कुलंट बघितलं, ते थेंबभरही कमी नव्हतं. म्हणजे नुसता दमटपणा, इंजिन तापत नाही म्हणून वाफ होऊन जात नाही. आता रविवारी बऱ्हाणपूरपर्यंत चक्कर मारून आणते, झाकण स्वच्छ आहे. हेड उतरवलं असतं तर पगार गेला असता.

सातपुड्याचा (मोलगी)
इकडे जीपवाले रेडिएटरपुढे पुठ्ठा नाहीतर गोणपाट लावतात. चालतं. पण दुपारी खाली अक्कलकुव्याकडे उतरताना काढायला विसरायचं नाही, मी एकदा विसरलोय.

शहादेकर
हा अनुभव नीट वाचा, कारण सगळे वॉल्ववर चाललेत आणि मीही तेच समजून बसलो होतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, घोडे बघायला पोरांना घेऊन धुळ्याहून निघालो, दोंडाईचा सोडलं आणि काटा अर्ध्यावरून खाली खाली यायला लागला. मला वाटलं संध्याकाळ झाली, थंडी पडली, गाडी खूश आहे. हीटरही एकदम गार मारायला लागला, तरी डोक्यात उजेड पडला नाही. यात्रेच्या अलीकडे गोड गोड वास, बोनेटमधून वाफ, गाडी बंद. खालचा होज पाइप फाटून पाणी सगळं रस्त्यावर सांडत आलेलं. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो, पाणी गेलं की तो हवेत लटकतो आणि काटा थंड दाखवतो. हेड गॅस्केट उडालं, हेड वाकलं, घोडे राहिले बाजूला. म्हणून पहिल्यापासूनच काटा चढत नसेल तर वॉल्व बघा, पण चढलेला काटा चालता चालता पडला तर गाडी बाजूला घ्या. आणि झाकण लगेच उघडू नका, भाजाल.

बोरीकाठ (पारोळा)
भुसावळकर दादा, मे महिन्यात गाडी तापली होती का? आठवून बघा. आपल्याकडे ४५ डिग्रीत गाडी तापली की ठरलेला इलाज, "ते काढी टाक, गाडी थंडी राही." वॉल्व काढून फेकतात आणि रेडिएटरचा फॅन डायरेक्ट करतात, म्हणजे तो कायम चालूच. खरा आजार म्हणजे बोअरचं क्षाराचं पाणी टाकून टाकून रेडिएटर जाम झालेला, तो तसाच राहतो. आमच्या दोन्ही गाड्यांचं हेच झालं होतं.

भुसावळकर
पारोळ्याच्या दादांना दंडवत. कन्नडचा घाट चढताना मे मध्ये तापली होती, तेव्हा "रेडिएटर साफ केला" म्हणून पैसे घेतले. काल दुसऱ्याकडे वॉल्वचं हाउसिंग उघडलं तर आत वॉल्वच नाही, नुसतं पॅकिंग लावून बंद केलेलं! ८८ चा नवीन टाकला, कुलंटही पूर्ण बदललं. आज साकेगाव गेलं, थोडं पुढं काटा अर्ध्यावर, आईने स्वेटर काढला. फॅन मात्र अजून डायरेक्टच आहे, चावी फिरवली की भिरभिर सुरू. फॅन चालू-बंद करणाऱ्या रिलेचं वायरिंग कापून टाकलंय. ते नीट जोडून देणारा इलेक्ट्रिशियन जळगावात कोणाच्या माहितीत असेल तर मेसेज करा.