मदत हवी आहे: डॉक्टर टिकतच नाही

घाटावरचा: राम राम मंडळी. दवाखाना बांधला, खुर्ची आणली, मशीन आणलं. डॉक्टर येतो आणि महिना-दोन महिन्यांत जातो. तीन गेले. पगार वेळेवर देतो. जाहिरात कुठे द्यावी? सोमवारी मीटिंग आहे, लवकर सांगा.

तापीकाठ: खुर्ची म्हणजे दातांची का? सरकारी की ट्रस्टचं? गाव कुठलं?

घाटावरचा: दातांचीच की. ट्रस्ट. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या पुढे, गावाचं नाव नको.

चोपडेकर: भो, आमनाकडे बी असंच शे. सरकारनं सक्ती केल्याशिवाय कोणी येत नाही. शिकून झालं की सरकारी नोकरी करायची अट असते ना, तो बॉण्ड कडक करा.

जुना एमओ: बॉण्ड सरकारी कॉलेजच्या पोरांना, तुमच्या ट्रस्टला काय उपयोग? एमबीबीएसवाले 10 लाख दंड भरून सुटायचे. मी मेडिकल ऑफिसर म्हणून वर्ष काढलंय तिकडे. पगारासाठी कोणी पळत नाही. पावसाळ्यात धडगावच्या वाटेवर चांदसैली घाटात दरड पडली की भाजीसुद्धा येत नाही. आणि पेशंट पावरी ही आदिवासी बोली बोलतो, डॉक्टर पुण्याचा. कुठे दुखतंय ते समजायलाच अर्धा तास.

तापीकाठ: नंदुरबारला 2020 पासून मेडिकल कॉलेज आहे, तिथली पोरं धरा.

जुना एमओ: अहो, ते एमबीबीएसचं. दातांचे डॉक्टर तिथून कसे निघतील? डेंटल कॉलेज धुळ्याला आहे. तिथे पावरा-भिल्ल समाजातलं कोणी शिकतंय का विचारा. घरचं माणूस टिकतं.

रेवाकाठ: नर्मदाकाठी आरोग्य पथक बोटीनं जातं. तसं करा.

घाटावरचा: आमच्याकडे नदी नाही हो.

मिश्रीमुक्त: मुळात मिश्री आणि गुटखा बंद करा, डॉक्टर लागणारच नाही. माझ्या आईचे सगळे दात...

शहाद्याची डॉक्टर: मी दंतवैद्य आहे. पूर्णवेळ माणूस शोधूच नका. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, आठवड्यातून एक दिवस शहाद्याहून कोणी येईल. गाडी तुम्ही पाठवा. पण लाईट किती तास असते? साध्या इन्व्हर्टरवर ड्रिलला हवा देणारा तो ढणढणणारा कॉम्प्रेसर उचलत नाही, दाढ अर्धी कोरून बसावं लागतं. कॉम्प्रेसर ठेवलाय कुठे? डॉक्टर राहायचे कुठे?

घाटावरचा: लाईटीचा भरवसा नाही, जनरेटर मागवलाय. कॉम्प्रेसर मागच्या खोलीत. डॉक्टरांची खाट पण तिथेच होती.

जुना एमओ: एकाच खोलीत?

घाटावरचा: क्वार्टरचं काम पुढच्या वर्षी धरलंय.

चोपडेकर: आणि जाहिरात कुठे द्यावी विचारतोय!