मदत हवी आहे: मित्रानेच लॅपटॉपवरून पैसे वळवले, पुरावा कसा टिकवायचा?

पासवर्ड माहीत असलेल्या जवळच्या मित्राने घरच्या लॅपटॉपवरून नेट बँकिंगने पैसे वळते केलेत. १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि बँकेत लेखी तक्रार दिली आहे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (लॅपटॉपवरच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारं साधन), सिक्युरिटी लॉगमध्ये, ४६२४ क्रमांकाची, म्हणजे यशस्वी लॉगऑनची, नोंद सापडली. लॉगऑन टाइप ७, म्हणजे स्क्रीनचं लॉक उघडलं, तेही व्यवहाराच्या ४ मिनिटं आधी. हा लॉग मुळात २० एमबीचाच असतो, भरला की जुन्या नोंदी जातात. म्हणून आधी तो पेन ड्राइव्हवर घेतला, एसएचए-२५६ हॅश (फाइलमध्ये नंतर बदल झाला तर ओळखू येणारा, फाइलवरून काढलेला सांकेतिक आकडा) काढून कागदावर उतरवला आणि लॅपटॉप बंद केला. फॉरमॅट केलेला नाही, कुणीच करू नये. गुगल खात्यातली डिव्हाइसची यादी फक्त २८ दिवसांची दिसते, तिचेही स्क्रीनशॉट घेतलेत.

आता अडलंय ते इथे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रातला तज्ज्ञाचा भाग 'ब' जिल्ह्याच्या ठिकाणी कोण भरून देतं? तक्रारीत आयटी कायद्याचं कलम ६६सी (दुसऱ्याचा पासवर्ड वापरून ओळखचोरी) पुरे, की भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ही (चोरी) घालायला सांगावं? आणि पासवर्ड आपणच सांगितलेला असेल तर बँक निष्काळजीपणा म्हणून हात वर करते, तेव्हा कळवल्यानंतरच्या व्यवहारांची भरपाई तरी कशी मागायची? ज्यांनी अशी प्रकरणं हाताळलीत त्यांनी कृपया सांगा.