‘स्मूथ मसल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: हृदयाच्या धमन्यांवर औषधं कशी काम करतात हे मराठीत लिहायचं आहे. ‘स्मूथ मसल’साठी मृदू, अनैच्छिक आणि अरेखित स्नायू असे तीन शब्द दिसतात. कोणता घ्यावा? ‘व्हॅसोडायलेटर’ आणि ‘स्पॅझम’ला काय म्हणावं?

प्रतिसाद: ‘अरेखित’ घ्या. ‘अनैच्छिक’ने घोटाळा होतो, कारण हृदयाचा स्नायूही आपल्या इच्छेने चालत नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर आडवे पट्टे दिसतात. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूवर ते नसतात. ‘स्मूथ’ म्हणजे एवढंच. मऊपणाशी त्याचा संबंध नाही, म्हणून ‘मृदू’ही फसवा.

प्रतिसाद: हिंदी मजकूर समोर ठेवून लिहीत असाल तर जपा. तिकडे ‘पेशी’ म्हणजे स्नायू, आपल्याकडे सेल.

प्रतिसाद: ‘वाहिनीविस्फारक’ कोशात शोभतो. रुग्णासाठी ‘रक्तवाहिनी रुंदावणारं औषध’ बरं. ‘ब्लॉकेज उघडणारी गोळी’ मात्र कृपया लिहू नका. चरबीचा थर जागेवरच राहतो, सैलावतो तो स्नायू. नायट्रोग्लिसरीनपासून (हे नायट्रेट गटातलं औषध) नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्याने स्नायूपेशीत सायक्लिक जीएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो, स्नायूला आकसवणारं कॅल्शियम उतरतं आणि ताण सुटतो. अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचं औषध कॅल्शियम आत येण्याची वाटच अडवतं. शिवाय नायट्रेटचा बराचसा परिणाम शिरांवर होतो: हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि त्याचं काम हलकं होतं. म्हणून फक्त ‘धमनी रुंदावते’ म्हणणं अपुरं आहे.

प्रतिसाद: स्पॅझमला ‘आकस’ नको. ‘आकसणे’ क्रियापद चपखल आहे, पण नाम झालं की मनातली अढी होते. उबळ खोकल्याची, पेटका पोटरीचा. ‘धमनी अचानक आकसणे’ लिहा.

प्रश्न: आणि नायट्रेटचा ‘टॉलरन्स’? ‘सवय’ लिहिलं तर?

प्रतिसाद: व्यसन वाटेल. ‘परिणाम बोथटणे’ लिहा. त्वचेवर लावायची नायट्रेटची पट्टी चोवीस तास लावून ठेवली की हेच होतं. म्हणून ती रोज १० ते १२ तास काढून ठेवायला सांगतात. आणखी एक, ‘जपून घ्यावे’ आणि ‘वर्ज्य’ यांत गल्लत नको. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) सायक्लिक जीएमपी मोडू देत नाही. त्यावर नायट्रेट घेतलं तर रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि त्याच गटातल्या टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट वर्ज्य. इथे ‘जपून’ लिहिणं घातक ठरेल.