मदत हवी आहे: प्रकाशे गावच्या कुंभारकामाच्या जुन्या नोंदी कुठे मिळतील?

प्रकाशे (ता. शहादा) इथल्या कुंभारकामाचा इतिहास लिहून काढतोय. तापी-गोमाईच्या संगमावरच्या टेकाडावर १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. त्यात ताम्रपाषाण काळातली रंगीत नक्षीची भांडी निघाली, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुनी. हा भाग छापील अहवालात आहे, तो वाचून झालाय. जुनी भांडी करणारे आणि आजचे कुंभार एकाच परंपरेतले, असा दावा मला करायचा नाही.

माझं अडतंय ते अलीकडच्या दोनशे-अडीचशे वर्षांपाशी. खानदेशचं १८८० चं गॅझेटियर पाहिलं, पण मला गावपातळीची माहिती हवी आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोललो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) घागरी, रांजण, आवा (भांडी भाजायची भट्टी) कुठे लागायचा, माती कुठून आणायचे, बलुतं किती मिळायचं, हे सगळं त्यांनी मनापासून सांगितलं (आखाजीच्या आधी महिनाभर चाक थांबायचं नाही म्हणे!). पण आजोबांच्या मागे कुणालाच जाता येत नाही. तलाठी कार्यालयातलं कोतवाल बुकही (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) चाळलं. त्यात जात कळते, कामाचं काही कळत नाही.

मोडी सावकाश वाचता येते. शनिवारी धुळ्याला येऊ शकतो, मुंबई-पुणे सध्या जमणार नाही. धुळ्यातल्या राजवाडे संशोधन मंडळात अजून गेलेलो नाही.

तर, बलुतेदारांचे हक्क किंवा इनाम यांच्या १८१८ च्या आसपासच्या गाववार नोंदी धुळे-नंदुरबारात कुणी प्रत्यक्ष पाहिल्या आहेत का? कुठल्या दप्तरात, आणि काय नावाने मागायच्या?