शब्दचर्चा: 'जीनोम सिक्वेन्सिंग'ला मराठीत काय म्हणावं?

रत्नागिरीहून, एक शिक्षिका:
शाळेत समुद्री जिवांचं प्रदर्शन आहे. एक फलक तारली माशाचा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२३ साली तारलीचा जीनोम, म्हणजे तिच्या पेशीतला सगळा डीएनए, उलगडला. डीएनएची सुमारे १०८ कोटी अक्षरं आणि ४६ हजारांवर जनुकं निघाली. आमच्या मुलांचे आईवडील मासेमारीतले आहेत, त्यांना हे वाचून कळायला हवं. वर्तमानपत्रं 'जनुकीय क्रमनिर्धारण' लिहितात. मी 'जनुकसंचाचं वाचन' लिहिलं तर चालेल का?

दापोलीहून:
ताई, 'वाचन' उत्तम, पण 'जनुकसंच' नको. जनुकं हा जीनोमचा लहानसा भाग. माणसाच्या ३०० कोटींहून अधिक अक्षरांपैकी प्रथिनं कशी बनवायची हे सांगणारी अक्षरं दोन टक्क्यांहूनही कमी भरतात. उरलेल्यात जनुकं कधी चालू आणि कधी बंद व्हायची ते ठरवणारे तुकडे असतात, तेच ते पुन्हा आलेले मजकूर असतात, जुन्या विषाणूंचे अवशेषही असतात. प्राण्यांची नाती शोधताना या भागाचा फार उपयोग होतो. देवमासा आणि पाणघोडा जवळचे नातलग आहेत याचा एक भक्कम पुरावा इथूनच मिळाला: जीनोममध्ये उड्या मारत फिरणारे काही तुकडे दोघांतही नेमक्या त्याच जागी घुसलेले सापडले. 'जनुकसंच' म्हटलं की हे सगळं शब्दाबाहेर राहतं. 'जीनोम' तसाच ठेवा. 'डीएनए' आपण ठेवलाच आहे की.

'क्रमनिर्धारण' चूक नाही, पण फलकावर जड होतं. मी 'क्रमवाचन' लिहीन, कारण यंत्र खरोखर ए, टी, जी, सी ही चार अक्षरं कोणत्या क्रमाने येतात तेच वाचतं. मात्र सबंध जीनोम एका दमात वाचता येत नाही. एकाच पोथीच्या अनेक प्रती फाडून टाकाव्यात आणि एकमेकांवर येणाऱ्या ओळी पाहून पोथी पुन्हा लावावी, तसं हे काम चालतं. म्हणून 'क्रमवाचन' आणि 'जुळणी' हे दोन्ही शब्द द्या. खरी मेहनत जुळणीत आहे.

मालवणहून:
आमच्याकडे तारलीक 'तारलो' म्हणतत, आणि पेडवे येगळे. ह्या फलकार येवक व्हया.

प्रमाण मराठीत सांगतो. माशाच्या नावाखाली शास्त्रीय नाव लिहाच, तारलीचं 'सार्डिनेला लाँगिसेप्स'. 'सरंगा' शब्द कुठे पापलेटासाठी ऐकाल, कुठे हलव्यासाठी. शास्त्रीय नावांतही घोळ होतोच. आपल्या पापलेटाला कित्येक वर्षं 'पॅम्पस आर्जेंटियस' म्हणत आले. डीएनए ताडून पाहिल्यावर आपल्या किनाऱ्यावरची जात 'पॅम्पस कँडिडस' ठरली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ज्याला राज्यमासा केलं त्याची ही कथा! त्यासाठी सबंध जीनोम वाचावा लागत नाही. तंतुकणिकेतल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या) एका जनुकाची साडेसहाशेच्या आसपास अक्षरंही जात ओळखायला बहुतेक वेळा पुरतात. ती 'बारकोडिंग'ची पद्धत. तिला 'जीनोमवाचन' म्हणू नये, दोन्ही कामं वेगळी आहेत.

रत्नागिरीहून:
बारकोडिंगचा वेगळा फलक करते. आणखी एक विचारायचं होतं. मुलं 'उत्क्रांती' म्हणजे 'प्रगती' समजतात. खाली साधे जीव, वर माणूस. यावर काय लिहू?

दापोलीहून:
शब्दातल्या 'उत्'मुळे वर चढल्याचा भास होतो खरा. शब्द बदलू नका, तो रुळलाय. उदाहरण द्या, आणि ते कालवाचं द्या. ओहोटीला खडकावर चिकटलेली कालवं तास न् तास उन्हात तापतात, हे तुमच्या मुलांनी पाहिलेलं असतं. प्रशांत महासागरातल्या कालवाचा जीनोम २०१२ साली प्रसिद्ध झाला. ते आपल्या कालवाचं सख्खं नव्हे, चुलत भावंड. उष्णतेने प्रथिनं विस्कटू लागली की त्यांना सावरणारी काही प्रथिनं पेशीत असतात. त्यांच्या एका मोठ्या कुळाची या कालवात ८८ जनुकं निघाली. माणसात ती १७च्या आसपास आहेत. मग कोण पुढे, कोण मागे? ज्याला जिथे जगायचं तिथलं सामान त्याच्याकडे आहे.

'कालवाने उन्हाशी जुळवून घेतलं' हे वाक्यही टाळा. ते वाचून वाटतं, कालवाने ठरवून काहीतरी केलं. 'या जनुकांच्या प्रती ज्या कालवांत जास्त होत्या ती उन्हात तगली, आणि त्यांचीच पिल्लं पुढे वाढली' असं लिहा. ओळ लांबते, पण चित्र थोडं लहान करून तिला जागा काढा.