‘लघुग्रह फिरवला’ म्हणजे नेमकं काय केलं?

खानापूरकर: लघुग्रहाला मुद्दाम धडक देणाऱ्या नासाच्या डार्ट यानाबद्दल आठवीच्या भित्तिपत्रकावर एका मुलीनं लिहिलंय, ‘डार्ट यानानं लघुग्रह फिरवला.’ दुसरी म्हणते, तो आधीच फिरत होता की! ‘विक्षेपित केला’, म्हणजे मार्गावरून ढळवला, असं लिहू का?

टिळकवाडीकर: विक्षेपित नको ओ गुरुजी, पोरं पाठ करतील आणि विसरतील. ‘फिरणे’ आपण तीन अर्थांनी वापरतो. स्वतःभोवती, दुसऱ्याभोवती आणि माघारी. कन्नडमधल्या ‘तिरुगु’चंही तेच. पहिल्या दोहोंना परिवलन, परिभ्रमण हे शब्द आहेतच. 26 सप्टेंबर 2022 ला डार्ट डायमॉर्फसवर, म्हणजे डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर, आदळलं, तेव्हा मोजला गेला तो परिभ्रमणातला फरक. डिडिमॉसभोवतीची फेरी 11 तास 55 मिनिटांवरून 11 तास 23 मिनिटांवर आली. तिसऱ्या अर्थाला ‘वळवणे’ चालेल.

निपाणीकर: ‘वळवणे’नं वाटतं, जणू तो काटकोनात वळला. लघुग्रह पृथ्वीवर येत असेल तर करायचं असतं एवढंच, की टक्कर व्हायच्या कैक वर्षं आधी त्याचा वेग जरासा कमी-जास्त करायचा. पृथ्वी सेकंदाला 30 किमी धावते, स्वतःच्या व्यासाएवढं अंतर सात मिनिटांत कापते. टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट घ्या. मालगाडी सात मिनिटं उशिरा आली तर आपण केव्हाच पलीकडे. म्हणून मी ‘गाठ चुकवणे’ म्हणेन.

खानापूरकर: पण धडक कडेला बसली तर जोर परिवलनातच वाया जाणार ना?

निपाणीकर: नाही. यानाचा संवेग पुरा मिळतोच, परिवलन बदलतं ते वरकड. घोळ होतो तो उडणाऱ्या दगडमातीचा. ती साधारण त्या जागच्या पृष्ठभागाला लंब उडते, त्यामुळे धक्क्याची दिशा कलते. आणि हे किरकोळ नाही, डायमॉर्फसला यानाहून जास्त रेटा या उडालेल्या मालानंच दिला. परिवलन खरं नडतं ते लघुग्रहावर इंजिन रोवायचं म्हटलं तर. त्याचं तोंड सारखं फिरत राहणार, मग योग्य दिशेला आलं की तेवढंच पेटवायचं, नाहीतर आधी परिवलन थांबवायचं. ‘गुरुत्व ट्रॅक्टर’ला ही कटकट नाही. यान शेजारी तरंगत ठेवायचं, टेकवायचंच नाही. त्याच्या गुरुत्वाकर्षणानं लघुग्रह सावकाश ओढला जातो. मात्र वर्षानुवर्षं लागतात.

टिळकवाडीकर: म्हणजे ढकलणे, ओढणे ही कृती आणि गाठ चुकवणे हा परिणाम. पण डायमॉर्फस कुठं आपल्यावर येऊलाला? त्याला ‘चुकवला’ लिहू नका.

खानापूरकर: बरं. ‘धडक देऊन त्याची फेरी 32 मिनिटांनी कमी केली’ एवढंच लिहायला सांगतो.