मदत हवी आहे: असुरबनिपालच्या शिकारीतले सिंह यायचे कुठून?

निनवेच्या (आजच्या इराकमधलं प्राचीन शहर) राजवाड्यातली असिरियाचा राजा असुरबनिपाल याची सिंहाच्या शिकारीची शिल्पं (इ.स.पू. 645 च्या आसपासची, आता ब्रिटिश म्युझियममध्ये) यावर एक छोटा स्लाइड शो करतेय. त्यात एक सीन आहे, सिंह पिंजऱ्यातून बाहेर येतोय आणि वरच्या छोट्या पिंजऱ्यात बसलेला पोरगा दार वर ओढून धरतोय. म्हणजे शिकार कसली, ठरवून केलेला शोच की हा!

पण मग हे सिंह आणायचे कुठून? म्युझियमच्या साइटवरची माहिती वाचून झाली, तिथे शिल्पांचं वर्णन भरपूर आहे पण हे नाही. असिरियाचाच आधीचा राजा असुरनसिरपाल दुसरा (इ.स.पू. 883 ते 859) स्वतःच्या लेखात सांगतो की सिंह आणि छावे पकडून काल्हूला (त्याच्या राजधानीत) पिंजऱ्यात ठेवले, त्यांची पैदास केली, पण तो दोनशे वर्षं आधीचा. मारीच्या (आजच्या सीरियातलं प्राचीन शहर) पत्रात सिंह पिंजऱ्यात घालून होडीने राजाकडे पाठवल्याचं आहे, ते तर असुरबनिपालच्याही हजारेक वर्षं आधीचं.

गीरच्या सिंहांशी तुलना नकोय, ती झालीये. मराठी, हिंदी, इंग्लिश काहीही चालेल, फक्त फुकट वाचता येणारं सांगा, आणि व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड प्लीज नको.

तर खुद्द असुरबनिपालच्या काळातला सिंह पाळल्याचा किंवा जंगलातून धरून आणल्याचा लेखी पुरावा कुठल्या लेखात किंवा पत्रात आहे का?